बर्ड फ्लू, चिकन आणि अंडी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडते, एखाद्या जिल्ह्यातून कोंबड्या मेल्याची बातमी येते आणि लोकांचे मेसेज सुरू होतात. काहींना भीती वाटते, काहींचा कशावरच विश्वास उरलेला नसतो. दोन्हींना कारणं आहेत, म्हणून इथे नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून कुणाची बोळवण केलेली नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बर्ड फ्लू म्हणजे नक्की काय? कोंबड्यांना तर दरवर्षी काही ना काही होतंच.

हा पक्ष्यांचा इन्फ्लूएंझा. त्याच्या विषाणूचे बरेच उपप्रकार आहेत. भारतात कोंबड्यांवर मोठं संकट आणणारे म्हणजे एच५एन१ आणि २०२१ साली काही राज्यांत सापडलेला एच५एन८. एच९एन२ हा सौम्य प्रकार बऱ्याच पोल्ट्रींमध्ये रेंगाळत असतो. त्याने अंडी घटतात, पण शेड रिकामी होत नाही. एच५एन१ शिरला की दोन-तीन दिवसांत अख्खी शेड आडवी होऊ शकते.

भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातही निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि पुढे राज्यात बऱ्याच ठिकाणी तो आढळला. २०२५ च्या सुरुवातीला उदगीरमध्ये कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच विषाणू निघाला. म्हणजे हा पाहुणा आपल्याला नवा नाही.

२. आमच्या जिल्ह्यात बर्ड फ्लू निघालाय. चिकन-अंडी बंद करायची का?

पूर्ण शिजवलेलं चिकन आणि पूर्ण शिजलेली अंडी बंद करण्याचं कारण नाही. बंद करायचं ते कच्चं आणि अर्धकच्चं. तुमचं गाव बाधित क्षेत्रात (म्हणजे काय, ते प्रश्न ७ मध्ये आहे) येत असेल तर तिथे विक्रीवर बंदी असते. ती पाळा. ‘ओळखीचा आहे, मागच्या दाराने देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त देवो.

३. ‘शिजवल्यावर विषाणू मरतो’ हे सरकार दरवेळी सांगतं. ते खरं कशावरून?

या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि ते उष्णतेपुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा ७० अंश सेल्सिअसचा आहे. मांसाचा प्रत्येक भाग, अगदी हाडालगतचासुद्धा, तेवढा तापला की विषाणू निष्प्रभ होतो. उकळता रस्सा १०० अंशांच्या आसपास असतो, कुकरमध्ये त्याहून जास्त. घरचं कालवण, सुक्कं, बिर्याणी या पदार्थांत ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

दुसरा पुरावा माणसांच्या नोंदींमधून मिळतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ झालेल्या साडेनऊशेहून जास्त माणसांची नोंद झाली आहे. त्यांतल्या बहुतेकांचा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी जवळून संबंध आला होता. कुणी ते पकडले, कुणी कापले, कुणी पिसं काढली, कुणी जिवंत पक्ष्यांच्या बाजारात वावरले. खाण्यातून लागण झाल्याचा संशय आला ते पदार्थ कच्चे होते. आग्नेय आशियात बदकाचं कच्चं रक्त घालून एक पदार्थ करतात, त्याच्याशी काही रुग्ण जोडले गेले. नीट शिजवलेल्या चिकनमुळे रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही.

आता सरकारबद्दल. साथ आली की मंत्री आणि अधिकारी कॅमेऱ्यासमोर चिकन खातात. हेतू चांगला असेल, पण लोकांची शंका त्याने फिटत नाही. लोक विचारत असतात की जे चिकन माझ्या हातात आलं ते कुठून आलं, आणि आजारी पक्षी बाजारात येऊ नये म्हणून कुणी काय केलं. या प्रश्नाला ताट दाखवून उत्तर मिळत नाही. ती शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर प्रश्न ७ आणि ९ मध्ये दिलं आहे.

४. अंड्यांचं काय? हाफ फ्राय चालेल का? तालमीतली पोरं दुधातून कच्ची अंडी पितात.

बाधित कोंबडीच्या अंड्यात विषाणू असू शकतो, कवचावरही आणि आत बलकातही. अशी कोंबडी लवकरच अंडी द्यायची थांबते हे खरं, पण थांबण्याआधीची अंडी ट्रेमध्ये गेलेली असू शकतात. म्हणून साथीच्या दिवसांत हाफ फ्राय, पोच आणि मऊ बलकाचं अंडं बाजूला ठेवा. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट झालेलं हवं. भुर्जी ओलसर न ठेवता पुरती परता. अंडं उकडताना पाण्याला उकळी फुटल्यावर आठ-दहा मिनिटं तरी ठेवा.

तालमीतल्या मुलांना आणि जिमला जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, कच्च्या अंड्याची सवय साथ नसतानाही सोडा. बर्ड फ्लू क्वचित येतो, जुलाब-उलट्या करणारा साल्मोनेला हा जिवाणू मात्र बाराही महिने असतो. शिवाय शिजलेल्या अंड्यातली प्रथिनं शरीराला कच्च्यापेक्षा जास्त लागू पडतात, त्यामुळे कच्चं पिऊन ताकद वाढते हा समजही चुकीचा आहे. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज, मूस किंवा आइस्क्रीम करत असाल तर तेही या काळात नको.

अंडी आणल्यावर ट्रे ओट्यावर ठेवू नका. विष्ठा लागलेली अंडी घेऊच नका. अंडं फोडल्यावर हात साबणाने धुवा. हे छोटं काम जवळजवळ कुणीच करत नाही.

५. कच्चं चिकन घरी आणल्यावर नेमकी काय काळजी घ्यायची? नळाखाली धुवायचं ना?

खरा धोका पातेल्यात नसतो, तो ओट्यावर असतो. म्हणून हे उत्तर सविस्तर.

नळाच्या धारेखाली चिकन धुतलं की बारीक शिंतोडे उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण शेजारी ठेवलेल्या भांड्यांवर, चिरलेल्या कोथिंबिरीवर, कणकेच्या परातीवर जाऊन बसतात. पुढे चिकन शिजतं, कोथिंबीर मात्र वरून कच्चीच भुरभुरली जाते. आपल्याकडे न धुता शिजवणं कुणाला पटत नाही हे ठाऊक आहे. तेव्हा धुवायचंच असेल तर खोल पातेल्यात पाणी घ्या, तुकडे त्यात अलगद बुडवून काढा आणि ते पाणी सिंकमध्ये हळूच ओता. मग सिंक, नळाची मूठ आणि ओटा साबणाने घासून घ्या. नळाची मूठ विसरू नका, त्याच हाताने आपण ती फिरवलेली असते.

चिकनची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. ते जमत नसेल तर आधी कांदा, टोमॅटो, काकडी चिरून झाकून ठेवा आणि चिकन शेवटी घ्या. मॅरिनेट केलेलं चिकन फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकण असलेल्या डब्यात ठेवा, म्हणजे पाणी गळून दह्यावर किंवा फळांवर पडणार नाही. ज्या दह्या-मसाल्यात चिकन मुरवलं, तेच वरून चटणीसारखं घेऊ नका. हाताला काप किंवा जखम असेल तर हातमोजा घाला किंवा ते काम दुसऱ्या कुणाला द्या. लहान मुलं त्या वेळी ओट्याशी नकोत. का, ते प्रश्न १२ मध्ये वाचा.

शिजलं की नाही हे बघायला मांडीचा जाड तुकडा फोडा. हाडालगत गुलाबी मांस किंवा लालसर पाणी दिसलं तर अजून शिजवा. तंदुरी आणि बार्बेक्यूत बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहायची शक्यता सगळ्यात जास्त असते.

६. फ्रीझरमध्ये ठेवलं तर विषाणू मरेल का? हळद-मीठ-लिंबू लावलं तर?

नाही. थंडीत हा विषाणू जास्त टिकतो, गोठवल्यावर तर आणखी. हळद-मीठ-लिंबू चवीसाठी ठीक, पण आचेची जागा ते घेऊ शकत नाहीत.

७. शिजवून मरतो म्हणता, मग लाखो कोंबड्या मारून का पुरतात? नक्की काहीतरी लपवतायत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ‘खायला सुरक्षित’ आणि ‘मारून पुरा’ ही दोन्ही वाक्यं एकाच बातमीत येतात आणि एकमेकांना खोडतात असं वाटतं. पण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. ताटातलं अन्न सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. जिवंत कोंबड्यांतून रोग पसरतो का, हा दुसरा.

बाधित कोंबडी श्वासातून आणि विष्ठेतून प्रचंड प्रमाणात विषाणू बाहेर टाकते. थंड हवेत तो विष्ठेत महिनाभरही जिवंत राहू शकतो. तिथून तो गाडीच्या चाकांना, खाद्याच्या पोत्यांना, अंड्यांच्या ट्रेला, मजुरांच्या चपलांना लागून पुढच्या शेडमध्ये जातो. आजारी कोंबडीवर उपचार नाही. जितके दिवस ती जिवंत, तितके दिवस शेडमधला मजूर धोक्यात, आणि विषाणूला बदलायलाही तेवढीच संधी. माणसांत सहज पसरणारं रूप त्याला मिळू नये म्हणून कलिंग करतात, म्हणजे त्या भागातले सगळे पक्षी मारून पुरतात.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुधारित कृती आराखड्यानुसार, लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरपर्यंतचा भाग बाधित क्षेत्र धरतात आणि तिथले पक्षी मारले जातात. दहा किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण चालतं. पीपीई किट घातलेली पथकं येतात, खोल खड्डे खणतात, पक्षी पुरून वर चुना टाकतात, अंडी आणि खाद्यही नष्ट करतात. टीव्हीवर ते पांढरे पोशाख बघून लोक घाबरतात. पण पथकातली माणसं दिवसभर हजारो बाधित पक्षी हाताळत असतात. तुमच्या घरात शिजलेला रस्सा असतो. दोघांचा धोका सारखा नाही.

कलिंगला मर्यादाही आहेत. नवापूरला २००६ मध्ये लाखो कोंबड्या मारल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे पुन्हा बर्ड फ्लू निघाला. एकाला लागून एक पोल्ट्री, त्याच त्या गाड्या आणि तेच रस्ते राहिले तर रोग परत येणारच. शंका घ्यायचीच असेल तर इथे घ्या: दोन साथींच्या मधल्या काळात जैवसुरक्षेवर, म्हणजे रोग शेडमध्ये शिरू न देण्याच्या खबरदारीवर, किती काम झालं?

८. बरोबर हिवाळ्यातच कसा येतो? दर पाडायचा डाव तर नाही?

ऑक्टोबर ते मार्च मध्य आशिया आणि सायबेरियाकडून पाणपक्षी आपल्याकडे उतरतात. उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथे ते आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्यातले काही हा विषाणू घेऊन येतात. २०२१ च्या सुरुवातीला हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हे रानहंस मोठ्या संख्येने होते. त्यात थंडीत विषाणू जास्त काळ टिकतो. ही दोन्ही कारणं एकाच मोसमात जुळतात.

अफवेने दर पडतात हे मात्र खरं आहे, आणि त्यात शेतकरी भरडला जातो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘चिकनमधून कोरोना होतो’ असे मेसेज फिरले. चिकनचा कोरोनाशी काडीचा संबंध नव्हता, तरी कोंबड्या कवडीमोल झाल्या. खाद्याचा खर्च निघेना म्हणून काही ठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत कोंबड्या आणि पिल्लं पुरली. तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी तारीख, गाव आणि प्रयोगशाळेचं नाव आहे का ते बघा. महाराष्ट्रातले नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासतात. अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडून होतं. भोपाळचा अहवाल येईपर्यंत ती बातमी ‘संशयित’च असते.

९. मेलेल्या कोंबड्या ढाब्यांना आणि हॉटेलांना स्वस्तात विकतात म्हणे. खरं का?

असं कुठेच होत नाही, अशी हमी कुणी देऊ नये. मेलेला पक्षी विकणं बेकायदा आहे, आणि तरी नुकसान वाचवायचा मोह होतो. त्याहून अवघड गोष्ट अशी की लागण झालेला पक्षी लक्षणं दिसण्याआधीच कापला गेला तर ते बघून कुणालाच कळणार नाही. म्हणूनच प्रश्न ५ मधली काळजी साथ तुमच्या तालुक्यात नसली तरी घ्यायची.

मेल्यावर कापलेल्या कोंबडीचं रक्त नीट निघत नाही. मांस काळपट-लाल दिसतं, पंखांखालच्या शिरा रक्ताने भरलेल्या असतात, कातडीवर गडद चट्टे असतात आणि वास येतो. हे मसाल्यात झाकलं जातं, म्हणून शक्यतो समोर कापून घ्या. कापताना पिंजऱ्यापासून दूर उभे राहा. पक्षी स्वतः निवडायला हात घालू नका. पिंजऱ्यात डोळे मिटून, मान टाकून बसलेल्या कोंबड्या दिसल्या तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका. बाहेर खाताना दर्शनी भागात अन्न परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहा. बाजारभावाच्या निम्म्या दरात चिकन थाळी मिळत असेल तर कारण विचारा. संशय पक्का असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. नुसता व्हिडिओ टाकून प्रशासन हलेलच असं नाही.

१०. ब्रॉयलर सोडून गावरान खाल्लं तर? ती तरी शुद्ध असते.

बर्ड फ्लूपुरतं हे उलट आहे. गावरान कोंबडी मोकळी हिंडते. तळ्याकाठी, उकिरड्यावर चरते, कावळ्या-बगळ्यांनी टाकलेलं खाते. रानपक्ष्यांशी तिचा संबंध जास्त येतो. चव उत्तम असेल, सुरक्षितता मात्र शिजवण्यावरच ठरते.

११. जत्रेला घरी कोंबडं कापतो. ते चालेल का?

आपल्या जत्रांचा हंगाम आणि बर्ड फ्लूचा हंगाम नेमका एकावर एक येतो, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. लागण होते ती कापताना, गरम पाण्यात बुडवून पिसं काढताना आणि आतडी साफ करताना. तेव्हा रक्ताचे आणि विष्ठेचे कण हवेत उडतात आणि नाका-डोळ्यांत जातात. पंचक्रोशीत साथ असेल तर बाहेरगावाहून कोंबडं आणू नका. वस्तीतल्या जाणत्यांशी बोलून नैवेद्याचं काय करायचं ते ठरवा. देवस्थानांचे पंच अशा वेळी समजून घेतात.

साथ नसेल तरी पक्षी तरतरीत हवा. कापणाऱ्याने नाक-तोंड झाकावं, हातमोजे घालावेत, चष्मा असेल तर लावावा. मुलांना लांब ठेवा. पिसं आणि आतडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न फेकता खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्री-कावळे ते ओढून नेतात आणि रोग फिरवतात.

१२. माणसाला हा रोग होतो का? भारतात कुणाला झालाय?

होतो, पण क्वचित. झाला तर गंभीर असू शकतो. जगभरात एच५एन१ च्या नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावले आहेत. सौम्य आजाराची नोंदच होत नाही, म्हणून खरं प्रमाण कमी असणार. तरीही हा आकडा हलक्यात घ्यायचा नाही. माणसाकडून माणसाकडे सतत पसरत राहील असं रूप विषाणूला अजून मिळालेलं नाही.

भारतात २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ ने गेला. देशातला तो पहिला मृत्यू. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने एच५एन१ असल्याची खात्री केली. घरी चिकन कापताना तिला कच्चा तुकडा दिला होता, असं कुटुंबीयांनी सांगितल्याच्या बातम्या होत्या. मुलं ओट्याशी नकोत असं वर लिहिलं ते यामुळे. लहान मूल पायाशी घुटमळत असतं, हात पुढे करतं, आणि आपण नकळत काहीतरी देऊन बसतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण मेळघाटचं आहे. २०१९ मध्ये तिथल्या सतरा महिन्यांच्या बाळाला एच९एन२ झाल्याचं तपासणीत निघालं. भारतातला हा पहिलाच असा रुग्ण, आणि ते बाळ बरं झालं.

पक्षी हाताळल्यानंतर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला, घसा दुखणं, डोळे लाल होणं किंवा दम लागणं यांपैकी काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी आजारी कोंबड्या हाताळल्या होत्या.’ हे वाक्य फार मोलाचं आहे. विषाणूवरचं औषध लवकर सुरू झालं तर उपयोग जास्त होतो, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना सुचणार कसं?

१३. पुण्यात जीबीएस पसरला तो चिकनमुळेच ना?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमचे (जीबीएस, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) रुग्ण वाढले. त्याच सुमारास बर्ड फ्लूच्याही बातम्या होत्या आणि लोकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. जीबीएसच्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून येतो, तसाच अर्धकच्च्या चिकनमधूनही येतो. त्यामुळे संशय पाण्यावरही होता आणि अर्धकच्चं चिकन टाळा असा सल्लाही दिला गेला. नीट शिजवलं आणि ओटा स्वच्छ ठेवला की जिवाणू आणि बर्ड फ्लूचा विषाणू दोन्हींपासून बचाव होतो. पाणी उकळून प्यायचं काम मात्र वेगळं करावंच लागतं.

१४. परसातल्या कोंबड्या मरायला लागल्यात. शेजारी म्हणतात मानमोडी आहे. कसं ओळखू?

घरी ओळखता येत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करू नका. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते. बर्ड फ्लूमध्ये तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळी-जांभळी पडते, डोकं सुजतं, पायांवर रक्ताचे ठिपके येतात, अंडी एकदम बंद होतात. काही कोंबड्या लक्षण दिसण्याआधीच मरतात. पण दोन्हींची लक्षणं इतकी मिसळतात की अनुभवी डॉक्टरही तपासणीशिवाय सांगत नाहीत. २००६ मध्ये नवापूरलासुद्धा ही राणीखेतच आहे असं म्हणणारे होते.

करायचं ते असं. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका आणि तो कापून बघू नका. उरलेल्या कोंबड्या खुराड्यात बंद करा. एकही विकू नका, पाहुण्यांना देऊ नका, ‘मरण्याआधी खाऊन टाकू’ हा विचार तर अजिबात नको. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा, ग्रामपंचायतीलाही सांगा. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ प्रमाणे कळवणं मालकाची जबाबदारी आहे. त्या शेडमध्ये घातलेले कपडे वेगळे धुवा आणि दुसऱ्याच्या पोल्ट्रीवर जाऊ नका.

१५. कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील. भरपाई मिळते का?

मिळते, पण मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जितका उशीर, तितकी भरपाई कमी. लवकर कळवण्यात मालकाचाच फायदा आहे.

तरी लोक का लपवतात, तेही सांगायला हवं. २०२१ मध्ये राज्याने जाहीर केलेले दर असे होते: आठ आठवड्यांवरच्या अंड्यांच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७० रुपये, त्याहून लहान ब्रॉयलरला २० रुपये, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. आता बघा, ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच विक्रीला तयार होतो. पाच आठवड्यांच्या, दोन किलो भरलेल्या पक्ष्याला या तक्त्यात २० रुपयेच. तेवढ्यात त्याच्या खाद्याचाही खर्च निघत नाही. मग एखादा पोल्ट्रीवाला रातोरात गाडी भरून माल बाहेर काढतो, आणि ती गाडी रोग पुढच्या तालुक्यात नेते. ग्राहकाच्या ताटाच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्याने भरपाईच्या दराचा विचार केलाच पाहिजे. पुरेशी आणि वेळेवर मिळणारी भरपाई हीच आजारी पक्षी बाजारात येऊ न देण्याची सगळ्यात भक्कम सोय आहे. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा चालू दर तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

करारावर पक्षी पाळत असाल तर पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत तुमची. भरपाई कुणाच्या नावावर, तुमचा वाटा किती, हे करारात आधीच लिहून घ्या. पिल्लांची आवक, मर आणि खाद्य यांची वही रोजच्या रोज भरा. पंचनाम्याच्या वेळी तीच कामाला येते.

१६. कोंबड्यांना लस का देत नाहीत?

चीन बरीच वर्षं देतो, फ्रान्सने २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. भारताचं धोरण एच५एन१ साठी ‘शोधा आणि नष्ट करा’ असंच राहिलं आहे. लस दिलेला पक्षी आजारी दिसत नाही, पण विषाणू सोडत राहू शकतो. मग रोग नजरेआड फिरतो आणि निर्यातीवरही परिणाम होतो, अशी भीती त्यामागे आहे. सौम्य एच९एन२ साठी मात्र भोपाळच्या संस्थेने देशी लस तयार केली आहे. माझं मत असं की फक्त कलिंगवर किती वर्षं चालायचं याची उघड चर्चा व्हायला हवी. पण लस हवी तर तिच्याबरोबर कडक तपासणीही हवी. एकाशिवाय दुसरी नको.

१७. अमेरिकेत गायींच्या दुधात सापडला म्हणे. आपल्या दुधाचं काय?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला आणि न तापवलेल्या दुधात तो मोठ्या प्रमाणात होता. ते दूध प्यायलेल्या गोठ्यांतल्या मांजरी मेल्या. पाश्चरायझेशनने, म्हणजे दूध ठरावीक तापमानाला तापवून जंतू मारण्याने, तो निष्प्रभ होतो. आपल्याकडे पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं आणि रतीबाचं दूध घरोघरी उकळलं जातं. ही सवय मोडू नका. धारोष्ण दूध औषधी म्हणून मुलांना पाजत असाल तर ते थांबवा.

१८. मांजराला आणि कुत्र्याला कच्चं चिकन घालतो. चालेल?

नको, मांजराला तर मुळीच नको. मार्जार कुळाला हा विषाणू फार बाधतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि भोपाळच्या तपासणीत एच५एन१ निघाला. घरच्या मांजराला उकडलेलं चिकन द्या. ते पक्षी पकडून आणत असेल तर साथीच्या दिवसांत घरातच ठेवा. ते एकाएकी सुस्त झालं, अडखळायला लागलं किंवा धाप टाकू लागलं तर डॉक्टरांकडे नेताना पक्षी खाल्ल्याचा संशय सांगा.

१९. गच्चीवर मेलेला कावळा पडलाय. काय करू?

एकच असेल तर तो विजेच्या धक्क्याने किंवा पतंगाच्या मांजाने मेलेला असू शकतो. तरी उघडा हात लावू नका. एकाच भागात दोन-तीन दिवसांत बरेच पक्षी पडले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला, शहरात महापालिकेला कळवा आणि जमलं तर ते येईपर्यंत पक्षी तसेच राहू द्या. नमुने ताज्या पक्ष्याचेच उपयोगी पडतात.

कुणी आलंच नाही, तर नाक-तोंड झाकून, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून पक्षी उचला. तीच पिशवी उलटी करून गाठ मारा आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला. मोकळी जागा असेल तर पिशवीसकट न पुरता पक्षी खोल खड्ड्यात टाकून वर चुना घाला. शहरात ते शक्य नसेल तर घंटागाडीच्या कर्मचाऱ्याला आत काय आहे ते सांगूनच पिशवी द्या, त्यालाही हातमोजे घालायला मिळतील. पक्षी पडला होता त्या जागी ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका. ती सुकल्याशिवाय झाडू मारू नका, धूळ उडते. पाण्याची टाकी उघडी असेल तर त्याच दिवशी झाकण बसवा.